फॉर्मवरचं पाच जणांचं कुटुंब

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी नोकरीसाठी आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं आणि त्यावर तिचा हुद्दा लिहिलेला होता: कनिष्ठ आपत्कालीन अधिकारी, बालक विभाग. आमच्या ह्यांनी ते पत्र चष्मा लावून एकदा आणि काढून एकदा वाचलं आणि विचारलं, "यात कनिष्ठ कोण? तू, की आपत्ती?"

"दोघी," भाची म्हणाली. "मोठी आपत्ती आली की मोठे अधिकारी येतात, काका. लहान आली की मी."

त्या दिवसापासून हे तिला आपत्ती म्हणतात. "आपत्ती आली का गं? चहा टाक." "आपत्तीचा डबा भरलास का?" शेजारच्या बाईंना पहिले काही महिने वाटत होतं की आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसहाला काहीतरी भयंकर घडतं.

काम मुलांचं. पूर, आग, दरड, काही झालं आणि माणसं शाळेत नाहीतर गोदामात येऊन राहिली, की त्यांच्यातल्या मुलांचं काय, ते ही बघणार. मुलांना बसायला वेगळी जागा, खडू, दोऱ्या, रंगपेट्या, साबण, मच्छरदाण्या. चुकलेली मुलं असली तर त्यांची नोंद आणि त्यांच्या माणसांचा शोध. आपत्ती नसेल त्या दिवशी संस्थेच्या गोदामात बसून बादल्या मोजायच्या. एका पेटीत चाळीस रंगकांड्या असतात आणि जांभळी एकच, हे तिनं वर सात वेळा लिहून कळवलंय. जगातल्या सगळ्या मुलांना एकाच वेळी जांभळीच लागते म्हणे.

सवयी अशा की कुठे घेऊन जायची सोय नाही. कोणत्याही इमारतीत शिरली की आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजते. माझ्या चुलतदिराच्या मुलाच्या लग्नात नवरीला भेटायच्या आधी ही मागच्या अंगाला जाऊन बायकांच्या संडासाची कडी आतून लागते का ते बघून आली, आणि लागत नव्हती म्हणून नवरदेवाच्या बापाकडून स्क्रू मागायला लागली. लग्नाचा विषय तिच्या स्वतःच्या बाबतीत काढावा, तर "पावसाळा संपू दे." पावसाळा संपला की, "आता आगी लागायचे दिवस." बहीण फोनवर मला म्हणते, "ताई, तू तरी सांग तिला." मी काय सांगणार? मी एकदा एवढंच म्हटलं होतं की लेकरांना देव सांभाळतो, तू जिवाला इतका घोर लावून घेऊ नकोस. तर म्हणाली, "मावशी, देवावर माझा भरवसा आहे. पण कडी मीच बघणार."

"कडी बघायची बुद्धी तुला कोणी दिली?" मी विचारलं.

"ट्रेनिंगमध्ये दिली," म्हणाली. मग माझं तोंड बघून म्हणाली, "बरं, देवानं ट्रेनिंगमध्ये दिली."

मागच्या पावसाळ्यात नदीचं पाणी खालच्या वस्तीत शिरलं. माणसं होड्यांतून काढून चढावरच्या शाळेत आणली. भाचीची पिशवी दाराशी भरलेलीच असते: बॅटरी, शिट्टी, पेन्सिली. पेन नाही, कारण शाई पाण्यात विरघळते. ती गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या आम्ही चौघीजणी सकाळी त्या शाळेत भाज्या चिरायला जायला लागलो. स्वयंपाक मागच्या पडवीत चालायचा आणि भाचीची मुलांची जागा पडवीला लागून असलेल्या वर्गात. दाराला तिनं स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: चप्पल बाहेर, रडणं आत चालेल.

पुढचं सगळं तिनं मला काम मिटल्यावर सांगितलं. चालू कामातल्या मुलाबद्दल घरी एक अक्षर बोलायचं नाही, असा त्यांचा नियम आहे आणि ही नियमाला जीव देणारी. त्या मुलीचं शाळेतलं नाव मला अजूनही माहीत नाही. मुलगी स्वतःला चिमी म्हणायची, म्हणून मीही चिमीच म्हणते.

चिमी सहा वर्षांची, एकटीच होडीतून आलेली. होडीवाला म्हणाला, पोरांना आधी भरलं, मोठी माणसं मागून आली असतील. मागून आलेल्यांत तिचं कोणीच नव्हतं. दोन दिवस ती बोलली नाही. भाची तिच्याशेजारी बसून रंगकांड्या तासत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चिमीच्या वाट्याला जांभळी आली आणि तिचं तोंड उघडलं. भाचीनं हळूच फॉर्म पुढे ओढला. त्या फॉर्मचा एक कडक नियम आहे: मुलाच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. जे सांगेल ते, त्याच्याच शब्दांत लिहायचं.

"तुझ्या घरात कोण कोण असतं?"

"थोरली. रुसकी. चोरटी. लंगड्या. आणि अण्णा."

भाचीनं पाचही लिहिले. एकूण सदस्य: पाच.

"थोरली काय करते?"

"टोचते."

"कोणाला?"

"सगळ्यांना. डोक्यावर. रुसकीला तर रक्त आलं होतं."

भाचीची पेन्सिल थांबली, मग पुन्हा चालली. "मग रुसकी काय करते?"

"कोपऱ्यात बसते. दोन दोन दिवस खात नाही."

"आणि चोरटी?"

"दुसऱ्यांच्या घरात जाते. हाकलून देतात तिला."

"लंगड्या?"

"त्याचा एक पाय वाकडा आहे. पहाटे ओरडतो. सगळे शिव्या देतात."

"अण्णा कोणाला काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना." चिमीनं जांभळ्या रंगानं एक गोल पुरा केला. "म्हणतात, थोरलीला एक दिवस कापून टाकीन."

भाची सांगते, ते लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. तरी आवाज जराही न हलवता तिनं विचारलं, "तुला अजून काही सांगायचंय?" चिमी म्हणाली, "तुझ्या घरात कोण कोण असतं?" भाची म्हणाली, "मावशी आणि काका." चिमीनं थोडा वेळ वाट बघितली. "बस?" म्हणाली आणि इतक्या कणवेनं बघितलं की भाचीला उगाचच अजून दोन माणसं सांगावीशी वाटली.

फॉर्म तिच्या वरच्या मॅडमकडे गेला. मॅडम चाळिशीच्या, शांत, अंगात कायम तेच खाकी जाकीट आणि हातात थंड झालेला चहा. त्यांनी फॉर्म वाचला, चहा खाली ठेवला, पुन्हा वाचला. भाचीनं खाली मुद्दे काढले होते: घरात मारहाण, एक स्त्री जखमी आणि उपाशी, एक सदस्य चोरीच्या मार्गाला, एक अपंग आणि मानसिक त्रासात, कुटुंबप्रमुखाकडून जिवे मारण्याची धमकी. खाली एक ओळ: लंगड्या यांच्यासाठी कुबड्यांची जोडी मागवली आहे.

सगळ्या आश्रयाच्या जागांवर निरोप गेले. पाच जणांचं कुटुंब, त्यात एक लंगडा इसम. लंगडे इसम तीन सापडले. तिघांनीही आपण पहाटे ओरडत नाही असं सांगितलं, त्यातला एक बराच रागावून.

संध्याकाळी मॅडमनी ठरवलं. घरचं कोणी सापडत नाही, आणि सापडलं तरी असल्या घरात पोर परत धाडायचं कसं? उद्या दुपारी बाराला गाडी येईल आणि चिमी मोठ्या शहरातल्या बालगृहात जाईल. बालगृह चांगलं आहे, भाचीनं बघितलेलं आहे. दरवाजे चार, कड्या आतून लागतात. पण पाच तासांच्या वाटेवर आहे, आणि तिथे गेलेलं मूल परत आणायचं तर कागद फिरायला सहा-सहा महिने लागतात. अण्णा कधी येणार, हे चिमीनं त्या एका दिवसात तिला दहा वेळा विचारलं होतं, आणि "येतील" म्हणायची भाचीला परवानगी नव्हती. खोटं आश्वासन द्यायचं नाही, हा दुसरा नियम. ती म्हणायची, "मी शोधतेय." ते मात्र खरं होतं.

त्या संध्याकाळी ती कपडे बदलायला घरी आली. मी ताट वाढलं. ती भाताकडे बघत बसली.

"जेव की."

"मावशी," ती म्हणाली, "एक सर्वसाधारण प्रश्न विचारते. कोणाबद्दल नाही. असाच."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. आपत्ती असाच प्रश्न विचारत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

"एखाद्या घरातली मोठी बाई बाकीच्यांना टोचत असेल, म्हणजे खरंखुरं, रक्त येईपर्यंत, तर ती सुईनं टोचत असेल का?"

मी म्हटलं, "अगं, कोणाच्या घरात?"

"कोणाच्याच नाही."

"मग टोचते कुठे? हाताला?"

"डोक्यावर."

मी वरण वाढता वाढता थांबले. माझं लहानपण माझ्या आत्याकडे गेलंय, आणि तिच्या परसात काय होतं ते मला माहीत आहे. "डोक्यावर?" मी म्हटलं. "आणि जिला टोचते ती कोपऱ्यात जाऊन बसते? खात नाही?"

भाचीचे डोळे मोठे झाले. "तुला कोणी सांगितलं? मावशी, ही माहिती गोपनीय आहे!"

"मला कोण सांगणार? कोंबड्या तसंच करतात."

"कोण?"

"कोंबड्या. त्यांच्यात एक थोरली असते, ती बाकीच्यांना टोचते. डोक्यावरच."

तिनं ताट बाजूला सारलं. मग एकेक शब्द तोलून म्हणाली, "आणि समजा... त्याच घरात कोणी रोज पहाटे ओरडत असेल?"

हे एवढं हसले की वर्तमानपत्र आमटीत पडलं. "आपत्ती," ते म्हणाले, "तू कोंबड्याचा जबाब लिहून घेतलास?"

भाचीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आधी मला वाटलं रडतेय. नव्हती रडत. बोटांच्या फटीतून म्हणाली, "मी त्याच्यासाठी कुबड्या मागवल्यात."

तिनं तिथूनच मॅडमना फोन लावला. आम्ही दोघं ताटं उचलायचं सोंग करत ऐकत होतो. पलीकडे कप खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग मॅडमचा आवाज आला, "तुझी मावशी म्हणते म्हणून मी अहवाल बदलू शकत नाही. उद्या सकाळी मुलीला विचार. माझ्यासमोर. आणि तोंडात उत्तर घालायचं नाही, लक्षात आहे ना?" म्हणजे 'त्या कोंबड्या आहेत का?' असं सरळ विचारायची सोय नव्हती. गाडी बाराचीच राहिली.

मी देवापुढे बसले तेव्हा त्या मुलीचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि काय मागायचं तेही नीट ठाऊक नव्हतं. म्हटलं, देवा, कोणाचं तरी काहीतरी कोंबड्यांपाशी अडलंय, तुला कळलं असेल.

सकाळी नऊला मी पडवीत दुधी सोलत होते आणि वर्गाचं दार अर्धं उघडं होतं. आधी कुबड्या आल्या. त्या आणणाऱ्याला सही हवी होती आणि लंगड्या यांना मापासाठी उभं करा, असं त्याचं म्हणणं होतं. भाचीनं त्याला कसाबसा बाकावर बसवला. मग ती चिमीसमोर मांडी घालून बसली, मॅडम मागे भिंतीशी.

"चिमी, रुसकी दिसते कशी?"

"तपकिरी."

"उंच आहे का?"

चिमीनं जमिनीपासून वीतभर वर हात धरला.

मॅडमनी जाकिटाची कॉलर उगाच नीट केली. भाची पुढे म्हणाली, "आणि ती कपडे कसले घालते?"

चिमीनं तिच्याकडे बघितलं. मग मॅडमकडे बघितलं, ही बाई बरी आहे ना अशा नजरेनं. आणि मग ती हसायला लागली. तीन दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून. "रुसकी कपडे घालत नाही! तिला पिसं आहेत!" तिनं बाकीच्या पोरांना ओरडून सांगितलं, "ए, ही विचारते रुसकी कपडे कसले घालते!" सगळा वर्ग हसायला लागला. मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

पण घड्याळात साडेनऊ झाले होते आणि अण्णा अजून सापडायचाच होता. भाची म्हणाली, "मॅडम, आपण माणसांच्या जागी शोधलं. जो माणूस कोंबड्या सोडून होडीत बसला नाही, तो माणसांच्या जागी कशाला येईल?" जनावरंवाली मंडळी नदीच्या पलीकडे वीटभट्टीच्या उंचवट्यावर थांबली होती, आणि मधला पूल त्या दिवशी पहाटे पाण्याबाहेर आला होता. तिथली यादी जनावरांच्या डॉक्टरकडे. तिनं त्यांना फोन केला. तिचा आवाज पडवीभर ऐकू येत होता.

"डॉक्टर, तुमच्या नोंदीत एका पायानं लंगडा कोंबडा आहे का?"

डॉक्टरांनी सांगितलं की ते गाई, म्हशी, शेळ्या लिहितात, कोंबड्या लिहीत नाहीत. "पण बाई," ते म्हणाले, "एक म्हातारा आहे इथे. टोपलीखाली चार कोंबड्या घेऊन बसलाय आणि तीन दिवस माझं डोकं खातोय. नात कुठाय, नात कुठाय. तुमच्या शाळेत दोनदा विचारलं मी. तुमचे लोक म्हणाले, या नावाची मुलगी नाही."

नव्हतीच. म्हाताऱ्यानं शाळेतलं नाव सांगितलं होतं, आणि फॉर्मवर मुलीच्याच शब्दांत चिमी होतं.

सव्वाअकराला तो आला. उंच, वाळका, गुडघ्यापर्यंत चिखल, काखेत फडक्यानं बांधलेली टोपली. भाचीनं त्याला पडवीच्या टोकाच्या ऑफिसच्या खोलीत बसवलं. चिमीला सांगितलं नव्हतं. आधी खात्री, मग भेट, हा तिसरा नियम, आणि हा मला पटतो. कोणीही येऊन पोर मागेल.

"मुलीचा जन्म कधीचा?"

"मागचं पाणी आलं त्याच्या आदल्या वर्षीचा."

"वय?"

"पाच."

फॉर्मवर सहा होतं. मॅडमनी भाचीकडे बघितलं.

"घरात कोण कोण असतं?"

"मी आणि ती. दोघंच."

फॉर्मवर पाच होते. मला दारातून भाचीची पाठ दिसत होती, ती ताठ झाली. पावणेबारा व्हायला आले होते आणि फाटकाशी गाडी येऊन उभी राहिल्याचा आवाज झाला होता. तोंडात उत्तर घालायचं नाही. तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आजोबा, नीट आठवून सांगा. घरात कोण कोण?"

"अहो बाई, मुलगा-सून कामाला दूर असतात, सणावाराला येतात. सांगितलं ना, दोघं." तो चिडला. मग टोपलीकडे बघून म्हणाला, "आता कोंबड्याही धरायच्या का?"

"धरा," भाची आणि मॅडम एकदम म्हणाल्या.

"मग थोरली, रुसकी, चोरटी. आणि हा लंगड्या."

"थोरलीला कापून टाकीन, असं तुम्ही म्हणालात?"

"रोज म्हणतो. अंडी देते म्हणून वाचलीय."

भाचीनं फॉर्मवर एक बरोबरची खूण केली, मग दुसरी, आणि तेवढ्यात टोपलीतल्या चौथ्या सदस्यानं भर दुपारी बांग दिली. वर्गात धडधड पावलं वाजली. चिमी दारातून आत घुसली ती "लंगड्याऽ!" ओरडत, आणि टोपलीवर पडली. फडकं सोडलं, एकेकीला बाहेर काढलं, पायबिय तपासले.

"अगं, मीपण आलोय," म्हातारा म्हणाला.

चिमीनं वर बघितलं. मग ती त्याच्या चिखलाच्या गुडघ्याला अशी चिकटली की सोडवता सोडवेना, आणि म्हातारा तिच्या डोक्यावर थापट्या मारत नुसता "हो, हो, हो" म्हणत राहिला. मॅडमनी बालगृहाच्या कागदावर आडवी रेघ मारली आणि वय पाच की सहा, ते शाळेतून विचारून घ्या, असं भाचीला सांगितलं. माझ्या हातातला दुधी कधीचा सोलून संपला होता आणि मी नुसतीच सुरी चालवत होते.

गाडी आलीच होती, तर मॅडम म्हणाल्या, यांनाच वीटभट्टीवर सोड. घर अजून पाण्यात होतं. ड्रायव्हरनं टोपली बघितली आणि हात आडवा केला. "जनावरं नेता येत नाहीत. संस्थेची गाडी आहे. फक्त कुटुंबातले सदस्य."

नियमाला जीव देणारी माझी भाची पुढे झाली. तिनं फॉर्म त्याच्यासमोर धरला आणि सदस्यांच्या यादीवर बोट ठेवलं. "वाच. थोरली, रुसकी, चोरटी, लंगड्या आणि अण्णा. मॅडमची सही आहे. शिक्का आहे."

ड्रायव्हरनं वाचलं. टोपलीत डोकावला. मॅडमकडे बघितलं, त्या चहा प्यायला लागल्या होत्या, थंडच. त्यानं मागचं दार उघडलं.

चिमी खिडकीशी बसली, मांडीवर लंगड्या. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तिनं मागे वळूनही बघितलं नाही. चिखलात उभी असलेली भाची हात हलवायचा म्हणून वर केलेला तसाच खाली घेत म्हणाली, "बघितलंस मावशी? तीन दिवस रंगकांड्या तासल्या मी. साधा टाटा नाही."

"तिला चार जणांचे पाय बघायचेत," मी म्हटलं. "चल, दोन घास खा."

ती जेवली नाही. वर्गात दुसऱ्या कोणालातरी जांभळी मिळाली होती आणि तिथे मारामारी चालू झाली होती.